रिंगणीचा धूर

वडनेर भोलजी
७ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई सरस्वतीबाई यांस,

वर 'साष्टांग नमस्कार' लिहू का, असं पुष्पांजलीनं विचारलं. मी म्हटलं, गुडघे वाकत नाहीत आणि सध्या मनही वाकत नाही, राहू दे. पुष्पांजली म्हणजे आमच्या शेजारची अंगणवाडीची बाई. लेकरांची नाकं पुसून झाली की माझा कागद लिहायला बसते. माझं 'मले-तुले' ती 'मला-तुला' करून राह्यली आहे. म्हणजे माझ्या शिव्या तुमच्याकडे धुतलेले कपडे घालून येतील. ओळख मात्र पटेल.

फोन असताना कागद कशाला, असं वाटेल. तुम्ही फोन कापता म्हणून. मी 'विहीणबाई' म्हणायच्या आत कापता. कागद कापला तर त्याचे दोन होतात, तो गप्प बसत नाही. शिवाय आमच्या घरचा फोन हिंमतच्या खिशात असतो. लेक समोर बसलेला असला की मला तुमच्याशी पोटभर भांडता येत नाही.

तुमच्या सोनाळ्याची संत्री मलकापूरकडे नेणारा गाडीवाला आमच्या फाट्यावर चहाला थांबतो. त्यानं सांगितलं, कौशल्याबाई, तुमची सून माहेरच्या ओट्यावर बसून बिड्या ओढते. एक विझत नाही तोवर दुसरी. पदराचा बोळा करून उजव्या गालाला धरलेला असतो. बोलत नाही, हातानं खुणा करते. खाते काय, तर कण्या, त्याही पाण्यासारख्या. त्यानं तिला ओळखलं नव्हतं म्हणे. ही कोण म्हातारी, असं त्याला वाटलं होतं.

भाऊबीजेला हिंमत तिला तुमच्याकडे पोचवून आला. माहेरपणाला गेली, असं मी धरून चालले होते. माहेरपणाला गेलेली बाई चार पसे गहू चढल्यासारखी परत येते. तुमच्याकडे गेली ती कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखी झाली.

तिचं दुखणं तुम्हाला ठाऊक नाही असं नाही, पण तुम्ही विसरलात म्हणून सांगते. उजव्या गालात वीज पडते तिच्या. वारा लागला, पाणी लागलं, कुंकू लावताना बोट जरा घसरलं तरी पडते. आधी दाढ म्हणून नांदुऱ्याला दाढ काढली. वीज तिथंच. मग तिची शेजारीण काढली. दोन्ही दाढा धडधाकट निघाल्या, अजून ऊस फोडला असता त्यांनी. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं की हे दाताचं नाही, तोंडाच्या शिरेचं आहे, अन् गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत, असं मला समोर बसवून बजावलं. पोळ्याच्या सणाला छायानं ठेचा-भाकरी खाल्ली अन् बैलाच्या झुलीवरून माझ्याशी तोंड भरून भांडली. सून भांडली म्हणून साखर वाटावी असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मग त्या गोळ्या तुम्ही काऊन बंद केल्या?

तुम्ही रविवारी दाढेचं औषध देता, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे. बांधावरच्या काटेरी रिंगणीची पिवळी फळं वाळवायची, निखाऱ्यावर त्यांच्या बिया, वर तेलाचा थेंब, त्यावर उपडं नरसाळं, अन् नळीतून धूर दुखऱ्या दाढेत. पैसा घेत नाही, आलेल्याला नाही म्हणत नाही. चांगलं आहे. पण जिच्या दोन दाढा आधीच गेल्या तिच्या रिकाम्या हिरडीत कोणता किडा शोधून राह्यल्या तुम्ही? अन् रविवार ते रविवार धीर निघत नाही म्हणून मधले दिवस बिडी. हे कोणत्या वैद्यानं सांगितलं?

छाया, हा कागद तूच वाचून दाखवत असशील. तुझ्या आईला अन् मला अक्षराचं वावडं सारखंच. इथं येऊन थांबू नको. मोठ्यानं वाच, आईला नीट ऐकू जाऊ दे.

कौशल्याबाई

वडनेर भोलजी
१६ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई,

तुमचा कागद पोचला. अक्षर छायाचं, फणा तुमचा. तिचं अक्षर इतकं वाकडं कधी नव्हतं, असं पुष्पांजली म्हणते. गाल धरून एका हातानं लिहिलं असणार.

तुम्ही म्हणता, माझा कागद मोठ्यानं वाचताना तिला झटका आला अन् अर्ध्यावर तिनं भिंत धरली. याचं मला वाईट वाटलं. पण त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर? तुमच्या गल्लीत वाचणारं दुसरं कोणी नाही का? की घरातली गोष्ट बाहेर जाईल म्हणून तिच्याच गालावर भार?

तुम्ही म्हणता, बिडी तिनं माझ्या घरी पाहिली. पाहिलीच. कंबर मोडल्यापासून मी ओढते, लपवून ओढत नाही. फक्त नात अपेक्षा पुडकं फेकून देते म्हणून जागा बदलत राहावी लागते. पण मी ओढते म्हणून तर मला कळतं ना बाई. बिडी पेटली की दुखणं जरा बाजूला सरकून बसतं. बिडी विझली की उठून येतं, अन् आता एकटं येत नाही, तलफेला सोबत घेऊन येतं. आधी एक पाहुणा होता, आता दोघांचा स्वयंपाक. छायाच्या चुलीवर हा दुसरा पाहुणा तुम्ही बसवला.

तुम्ही म्हणता, धुरानं तिला दोन दिवस गुण आला होता. आला असेल. डॉक्टरनं तेही सांगितलं होतं, की हे दुखणं मधेच आपणहून थांबतं अन् परत फिरतं. दुखणं सुट्टीवर जातं अन् तुम्ही पगार धुराला देता.

आता किड्यांचं. धूर दिल्यावर खालच्या वाटीतल्या पाण्यात किडे पडतात, ते तुम्ही सगळ्यांना दाखवता. माझ्या लहानपणी मलाही असेच दाखवले होते अन् मी भ्याले होते. परवा मी अंगणात शेगडी पेटवली. बांधावरून रिंगणी आणवली. बिया टाकल्या, तेल टाकलं, नरसाळं ठेवलं, पाण्याची वाटी ठेवली, अन् नळीच्या तोंडाशी कोणालाच बसवलं नाही. माझ्या तोंडात दात नाहीत, पुष्पांजलीला मी दूर उभं केलं, म्हैस तर बांधलेलीच होती. तरी वाटीत पांढरे बारीक किडे तरंगले. तापलेल्या बीचं टरफल सोडून आतलं कोवळं बाहेर उडतं, ते ते. आता एकतर तुमचे किडे बियांतले आहेत, नाहीतर माझ्या शेगडीचे दात किडले आहेत. काय ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही लबाड आहात असं मी म्हणत नाही. तुमच्या सासूनं तुम्हाला दिलं ते तुम्ही इमानानं देता, एवढं मला कळतं. पण साऱ्या गावाच्या दाढा बऱ्या करणारीची स्वतःची लेक बरी होत नाही, हे तुम्हाला सोसवत नाही. म्हणून जास्त निखारा, जास्त धूर. तिचा गाल तुमच्या नावासाठी जळून राह्यला आहे.

अन् शेवटची गोष्ट. तुम्ही लिहिलं आहे की 'छायासोबत एकही गोळी आली नाही, अन् आली असती तरी दिली नसती, आमच्या घराण्यात कोणाले मिरगी नाही.'

मी तुम्हाला मिरगीचं, फेफऱ्याचं नाव कधी घेतलं? डॉक्टरनंही माझ्यासमोर घेतलं नाही. हा शब्द सोनाळ्यात कोणाच्या पायानं चालत आला? अन् गोळ्या आल्या नाहीत म्हणजे? मी स्वतःच्या डोळ्यानं पाकिटं तिच्या पिशवीत पाहिली होती.

खोटं बोलत असाल तर चांगलं बोला. माझी बिडी आधी टाकायला सांगता, ते नंतर पाहू.

कौशल्याबाई

वडनेर भोलजी
२४ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई,

पुष्पांजलीला सांगितलं आहे, आज माझ्या शब्दांना कपडे घालू नको. पण तिला लाज वाटते, तेव्हा काही शब्द गाळलेले असतील. जिथं वाक्य तुटकं वाटेल तिथं ते होते असं समजा.

गोठ्यात आमची जुनी तिफण टांगलेली आहे. ट्रॅक्टरनं पेरणी सुरू झाल्यापासून तिला कोणी हात लावत नाही. तिच्या चाड्यात, ज्या लाकडी वाटीतून आधी बी सोडायचे त्यात, मी माझं बिडीचं पुडकं ठेवते. परवा हात घातला तर हाताला चकचकीत पाकिटं लागली. एक नाही, सगळी. अकोल्याच्या गोळ्या. पिशवीतून काढून तिथं कोंबलेल्या.

आई अन् लेक, लपवायची जागा एकच. हिंमतचं डोकं माझ्यावर गेलं. अक्कल कोणावर गेली, ते वर गेल्यावर त्याच्या बापालाच विचारीन.

संध्याकाळी मी ती पाकिटं त्याच्या ताटात वाढली, वरणाच्या जागी. आधी म्हणाला, माहीत नाही. मग म्हणाला, आई, हळू बोल. मी हळू बोलत नाही हे ऐकून शेवटी सगळं ओकला.

पाकिटं संपत आली होती म्हणून तो नांदुऱ्याच्या औषधाच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, ही तर मिरगीवाल्याले देतात, घरी कोणाले हाय? तो दुकानदार भगवानरावांचा भाचा. अन् भगवानरावांच्या मुलासाठी आमच्या अपेक्षाची बोलणी चालू. याच रविवारी ते पाहायला येणार आहेत. हिंमतनं घाम पुसला अन् दुकानदाराला सांगितलं, शेजाऱ्यासाठी विचारलं. घरी येऊन बायकोला म्हणाला, तुझ्या आईच्या गावी जा, पोरीचं जमेपर्यंत राह्य, तुझ्या आईचा धूर हायच, गोळ्या लग्नानंतर घेजो.

लग्न अजून ठरलं नाही. ठरलं तरी उन्हाळ्यात होईल. तोवर तिनं विजा झेलायच्या, कशासाठी? एका माणसाच्या भाच्यानं तोंड उघडू नये म्हणून.

मी त्याला एवढंच म्हटलं, "अरे, तुया बैलाचं पाऊल दुखलं तर डॉक्टरले घरी बोलावते तू. अन् बायकोचं औषध चाड्यात टाकते?" तो म्हणाला, "आई, तुले समजत नाही. एकदा घराण्याले नाव पडलं की पोरगी घरातच राह्यते." मला समजत नाही असं नाही. समजतं म्हणूनच माझं डोकं फिरलं.

विहीणबाई, मी तुमची माफी मागत नाही, मला ती कला जमत नाही. पण गोळ्या तुम्ही बंद केल्या नव्हत्या. मागच्या दोन कागदांतल्या अर्ध्या शिव्या परत पाठवा, मला त्या इथं लागणार आहेत. उरलेल्या अर्ध्या ठेवा, त्या धुराबद्दलच्या आहेत अन् बरोबर पत्त्यावर पोचल्या आहेत.

अन् छाया, तू. तुला सगळं ठाऊक होतं. तू हो म्हणलीस. तुझ्या आईलाही 'मिरगी' हा शब्द तूच दिलास, म्हणजे ती गोळ्यांचं नाव काढणार नाही. पोरीसाठी केलं, असं तू म्हणशील. पोरीला विचारलं होतं? अपेक्षाला अजून वाटतं की आई मजेत माहेरी बसून चुलीपुढं गप्पा मारते. इकडे ती साडीला पिको करून आणते अन् आरशात पाहते. तिच्या त्या हसण्याची किंमत तू गालानं देऊन राह्यलीस, अन् तिला पत्ता नाही. हा काय उपकार झाला? कळेल तेव्हा ती ते सगळं आयुष्यभर पाठीवर घेऊन फिरेल.

मला राग इतका आला आहे की बिडी पेटवली अन् ओढायची विसरले.

रविवारी पाहुणे येतील. हिंमतनं मला सांगितलं आहे की आतल्या खोलीत बस, आई, अन् खोकू नको.

कौशल्याबाई

वडनेर भोलजी
३ डिसेंबर २०२५

विहीणबाई,

आता अक्षर बदललेलं दिसन तुमाले. हे अपेक्षाचं हाय. थे म्हणते, आजी, तू जशी बोलते तसंच लिहिते, एक मात्रा इकडची तिकडे करणार नाही. मंग आता नागड्याच येऊन राह्यल्या शिव्या, सांभाळा.

रविवारी भगवानराव आले, त्यायची बायको आली, पोरगा आला. पोरगा बरा हाय, बुटांची नाडी सोडायले वेळ लागला म्हणून लाजला. पोहे झाले. मंग भगवानरावाच्या बायकोनं इचारलं, मुलीची आई दिसत नाही? हिंमत म्हणला, तिच्या आईची तब्येत बरी नाही, थे सेवेले गेली हाय.

विहीणबाई, तुमाले त्यानं माझ्यासमोर आजारी पाडलं. तुमाले आजारी पाडायचा हक्क फक्त मले हाय.

म्या आतून निंघाली. हातात पाकिटं होती. पोह्याच्या ताटलीशेजारी ठेवली अन् उभ्याउभ्या बोलली, कारण बसली असती तर हिंमतनं उठू देलं नसतं.

"हे माझ्या सुनेचं औषध हाय. तोंडाच्या शिरेचं. हेच मिरगीलेबी देतात. तिले मिरगी नाही, अन् असती तरी म्या लपवली नसती. सून इथं नाही, कारण हे औषध तुमच्यापासून लपवाचं होतं. आता लपवाचं काही राह्यलं नाही, तं चहा घ्या."

बाहेर म्हैस तेवढी हंबरली. भगवानरावानं एक पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं, खाली ठेवलं. म्हणला, "गोळीच तं हाय." अन् चहा पेला. जाताना कळवतो म्हणले. अजून कळवलं नाही. कळवतीन का नाही थे देवाले माहीत. म्या वाट पाहून राह्यली नाही.

हे लिहिणारी पोरगी मात्र माझ्यावर कावली. पाहुणे गेल्यावर साडी न बदलता गोठ्यात जाऊन बसली, अन् त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. म्याबी बोलली नाही, माझा राग का भाड्यानं आणला हाय? काल पेन घेऊन आली अन् म्हणली, "आजी, लग्न मोडन म्हणून मी रागावली नाही. मले कोणी सांगितलं नाही म्हणून रागावली. आईले जाणारा कागद मी लिहीन." आता लिहून राह्यली. मधे मधे थांबते. शाई संपली म्हणते. पेन नवं हाय.

हिंमत माझ्याशी अजून बोलत नाही. पण आज सकाळी चाड्यात हात घातला तं माझं बिडीचं पुडकं गायब, अन् त्याच जागी गोळ्यांची नवीन पाकिटं. त्याच भाच्याच्या दुकानातली, पिशवीवर नाव हाय. म्हंजे गेला, अन् सगळ्यांसमोर मागितल्या. माझं पुडकं त्यानं कुठं टाकलं थे तो सांगत नाही अन् म्या इचारत नाही.

आता नीट ऐका. शुक्रवारी म्या अन् अपेक्षा बसनं सोनाळ्याले येऊन राह्यलो. अपेक्षानं अकोल्याले फोन करून इचारलं. एवढे दिवस बंद पडल्यावर गोळ्या आपल्या मनानं परत सुरू करायच्या नाहीत, पहिले डॉक्टरले दाखवाचं, तो सांगन तेवढ्यापासून. म्हणून पाकिटं घरीच ठेवतो, अन् शनिवारी छायाले घेऊन सरळ अकोल्याले. तुमीबी चाला. येताना नरसाळं आणू नका. रात्री मुक्काम तिथंच, तं तुमचा रविवार एक बुडू द्या. आलेल्या लोकायले शेजारीण सांगन का सरस्वतीबाई लेकीले घेऊन डॉक्टरकडे गेली. सांगताना तिचं तोंड गोड होईन, होऊ द्या.

माझ्या बिडीचं तुमी इचारलं होतं. सुटत नाही. तेवढं मोठं मन मले देवानं देलं नाही. पण बसमधी ओढू देत नाहीत, तं सोनाळ्यापर्यंत तरी सुटन. ओट्यावर आपण दोघी बसू अन् भांडू. तुमच्या लेकीच्या हातात बिडी दिसली तं तुमच्यासमोर हिसकून घेईन, अन् थे माझ्याच पदरात ठेवीन, तुमच्या नाही.

छाया, आता तुह्यासाठी.

आजवर म्या तुले म्हणली, मोठ्यानं वाच. आता मोठ्यानं वाचू नको, गाल दुखन. तुह्या मायले जे ऐकवाचं थे म्या येऊन ऐकवते, तुले कायची घाई. तू मनातल्या मनात वाच, हळू हळू. अक्षर तुह्या पोरीचं हाय.

कौशल्याबाई